घोड्याचं गवत, बैलाचा कडबा : वऱ्हाडातल्या चारा-पारखीची जुनी गोष्ट



दिवाळी झाली की आपल्याकडे कुटाराचे अन् कडब्याचे सौदे सुरू होतात. दरवर्षी तोच प्रश्न येतो, "भाऊ, जरा कुबट वास येऊन राहिला, पण ढोरं खातात. घेऊ का?" ज्यांच्याकडे वरातीची घोडी आहे ते विचारतात, बैल खाते तेच घोडीला टाकलं तर चालते का. धनगर भावांच्या तट्टांचाही हाच प्रश्न असतो.

हो किंवा नाही एवढंच सांगता आलं असतं. पण चारा पारखायचे जे नियम आपण बापजाद्यांकडून घेतले, ते कोणत्या जनावरासाठी, कोणत्या पिकासाठी अन् कोणत्या हंगामासाठी बनले होते, हे एकदा पाहून घेणं गरजेचं आहे. ते समजलं तर आज कुठला नियम धरायचा अन् कुठे नुसत्या डोळ्यावर विसंबायचं नाही, हे आपोआप कळते. म्हणून आज थोडा इतिहास.

गंजीचा हिशेब छत्रपतींनी मांडला होता

सुरुवात वऱ्हाडाबाहेरून करतो, कारण गवताबद्दल मराठीत यापेक्षा चांगली सूचना माझ्या वाचण्यात नाही. राज्याभिषेकाच्या आगेमागे, म्हणजे १६७४ च्या सुमारास, शिवाजी महाराजांच्या घोडदळाचा तळ पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ पडणार होता. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांकडून पत्र गेलं. त्याचा मतलब असा : पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणागवत आत्ताच मनमानी उधळलं तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, अन् ती तुम्हीच मारली असं होईल. मग शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूड, अन् रयत म्हणेल याच्यापेक्षा मोगल बरे.

त्याच पत्रात आगीची सूचना आहे. कोणी चूल पेटवते, कोणी तंबाखू ओढते, रात्री दिवा तसाच राहते अन् उंदीर पेटती वात ओढून नेते. एक गंजी पेटली की सगळं गवत गेलं, अन् गवत गेलं की घोडी गेली.

राजाने उंदराच्या वातीपर्यंत विचार करावा, एवढी गवताला किंमत होती. यातली आगीची गोष्ट लक्षात ठेवा. तिथे आग बाहेरून यायची. आज ती गंजीच्या पोटातूनही लागते, ते पुढे सांगतो.

वऱ्हाड अन् पलटणीचे घोडे

आता आपल्या मुलखात येऊ. २९ नोव्हेंबर १८०३ ला आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावला इंग्रज अन् मराठे यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. हे दिवस आपल्या जुन्या ज्वारीच्या कापणीचे. हजारो घोडे, तोफांचे बैल, सामानाचे बैल या मुलखातून गेले. एवढा चारा कोणतंही सैन्य सोबत बांधून आणत नाही, तो वाटेवरच्या शिवारातूनच उचलला जाते.

पुढे १८५३ चा तह झाला. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज होती, हैदराबाद कंटिंजंट, तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. तहात फौजेचा आकडा ठरला होता : निदान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ अन् चार तोफखाने. म्हणजे आपल्या कपाशीच्या मुलखाचा सारा ज्या फौजेवर खर्च व्हायचा, तिच्यात दोन हजार घोडे होते. ही फौज अनेक ठाण्यांवर वाटलेली होती, त्यातलं एक ठाणं एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर-परतवाडा.

साधा हिशेब करा. चारशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के धरला तर रोज ८ किलो वाळला चारा लागते. दोन हजार घोड्यांना दिवसाला १६० क्विंटल. हे सगळं हिरवं-वाळलं गवत कोणीतरी कापायचं, वाहायचं, वाळवायचं अन् तपासायचं.

त्या घोडदळात बहुतेक सवार शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा सवाराचा स्वतःचा. घोडा मेला तर नुकसान आधी त्याच्या खिशाला. म्हणून शिलेदार चाऱ्याच्या बाबतीत कडक असायचा. त्यांच्यासोबत घासकाढे असायचे. सकाळी खुरपं घेऊन निघायचे अन् भारा घेऊन परतायचे. खुरप्यानं हरळी मुळासकट निघते, म्हणून ती झटकून, माती काढूनच घोड्यासमोर टाकायची रीत होती. माती-रेती आतड्यात साचली की घोड्याला पोटशूळ होते. त्या काळी प्रयोगशाळा नव्हती, पण कारण बरोबर धरलं होतं.

१९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. सैन्याने मात्र गवताचं काम तोवर स्वतःकडे घेतलं होतं. पहिलं लष्करी फार्म १८८९ साली अलाहाबादला निघालं. दूध अन् गवत ही या फार्मांची मुख्य कामं. शेवटची फार्म बंद झाली ३१ मार्च २०२१ ला. सव्वाशे वर्षांच्या वर लष्कर चारा पिकवत होतं, यावरून समजा की बाजारातल्या गवतावर त्यांचा किती भरोसा असेल.

घोडा एवढा नाजूक काऊन?

बैलाचं पोट चार कप्प्यांचं. पहिल्या मोठ्या कप्प्यात, ज्याला आपण कोठीपोट म्हणतो, तिथले जंतू चाऱ्यावर आधी काम करतात अन् बुरशीचं काही विष तिथेच मोडते. सगळं नाही, काहीच. घोड्याला हा कप्पा नाही. खाल्लेलं थेट साध्या पोटात अन् आतड्यात जाते, जंतूंचं काम शेवटी मोठ्या आतड्यात होते. वरून घोड्याला ओकता येत नाही. एकदा गिळलं की गिळलं.

दुसरं त्याचं फुफ्फुस. बुरशीच्या गवताची धूळ रोज नाकात गेली की घोड्याला दम्यासारखा आजार लागते. पोट आत ओढून श्वास सोडते, कामात थकते. अन् एकदा तो लागला की जन्मभर सांभाळावं लागते.

म्हणून "ढोरं खातात, घोडीलाही टाका" हे चालत नाही. उलटं मात्र चालते : घोड्याला चालेल असा वाळला चारा बैलाला बहुतेक चालतेच. जुन्या लोकांनी घोड्याच्या मापाने गवत पारखलं, त्याचा फायदा बैलालाही झाला.

रानातलं गवत : नावातच पारख

आपल्या रानातल्या गवतांची नावं ज्याला माहीत, त्याला अर्धी पारख आली. हरळी सगळ्यात वरची, पानं बारीक, काडी मऊ. मारवेल अन् पवन्या वाळवून ठेवायला उत्तम, पण फुलोऱ्यावर कापले तर. कुसळी वेळेत कापली तर बरी, बी धरल्यावर तिचे कुसळ हिरडीत, जिभेखाली घुसतात अन् तोंडात जखमा होतात. तिखाडी म्हणजे रोशा गवत, मेळघाट-सातपुड्याच्या बाजूला भरपूर. त्याचं तेल काढत, सांधे दुखले तर चोळत. पण उग्र वासामुळे जनावर ते मनापासून खात नाही. भाऱ्यात तिखाडी जास्त दिसली की समजायचं, कापणाऱ्याने भारा फुगवला.

मुख्य मुद्दा कापणीच्या वेळेचा. गवताचा कस फुलोऱ्यात असते. बी झडलं की काडी राहते. आपल्याकडे फुलोरा येते भादवा-आश्विनात, तेव्हा पाऊस असते. म्हणून लोक उशिरा कापत. कस गेला तरी चालेल पण गवत सडू नये, हा तो सौदा होता. पिवळं पडलेलं उशिराचं गवत वाईट नसते, पोटभरीचं असते. हिरवं दिसणारं पण ओलं बांधलेलं गवत मात्र धोक्याचं.

कडब्याचे दिवस

घोडे पलटणीचे अन् पाटलांचे. शेतकऱ्याचं खरं जनावर बैल. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली, तरी शेतातून स्टेशनापर्यंत बंडीच. या सगळ्या बैलांचं इंधन म्हणजे ज्वारीचा कडबा. म्हणून कपाशीइतकंच ज्वारीचं वावर असायचं.

ती जुनी ज्वारी उंच, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. मृगात-आखाडात पेरली तरी दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नव्हती. कापणी डिसेंबरात, थंडीच्या कोरड्या हवेत. धांडा उभ्यानेच अर्धा वाळायचा, मग कापून पेंढ्या, मग सुडी. पाऊस लागायचा योगच कमी.

आपले सगळे नियम या कडब्यावर बनले. धांडा मोडला की कट्‌ आवाज यावा. पान फिकट हिरवं राहावं, हातात चुरू नये. वास गोडसर यावा. पेंढी आपटली तर धूळ उडू नये. कांडं चघळलं तर गोडी लागावी. नियम एकदम खरे आहेत. पण ते कोरड्या हंगामातल्या पिकाचे आहेत, हे विसरू नका.

एक धोका जुन्या लोकांना पक्का माहीत होता. पावसाने ताण दिला, ज्वारी गुडघ्याएवढी राहून सुकली, किंवा कापल्यावर खालून नवे फुटवे आले, तर त्यात ढोर सोडायचं नाही. काही भागात याला किराळ लागणं म्हणतात. जनावर खाते, धापा टाकते, पडते, तासाभरात मरते. याचं रसायन कळलं १९०२ साली. डनस्टन अन् हेन्री या दोघा शास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून धुरिन नावाचा पदार्थ वेगळा काढला. पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते अन् शरीराला रक्तातला प्राणवायू वापरताच येत नाही. बैल-म्हशीच्या कोठीपोटात हे विष लवकर सुटते म्हणून ती पटकन मरतात. नीट वाळवल्यावर ते बरंचसं उडून जाते, म्हणून कडबा चालते अन् कोंब चालत नाहीत. फुलोऱ्याआधी हिरवी ज्वारी टाकूच नका.

घोडा यात लवकर मरत नाही, पण सुटतही नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ज्वारी अन् सुदान गवतावर चरणाऱ्या घोड्यांचे मागचे पाय लुळे पडले, लघवी थेंब थेंब गळायला लागली, अशा नोंदी झाल्या. म्हणून घोड्याला ज्वारीच्या हिरव्या वावरात मोकळं सोडू नका.

हायब्रीड आली, हंगाम सरकला

१९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. ठेंगणी, शंभर दिवसांच्या आसपास येणारी, दाण्याला भारी. अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं, तिथेही ज्वारीवर मोठं काम झालं. हायब्रीडनं पोट भरलं, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिने हंगाम सरकवला. पीक डिसेंबराऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे परतीच्या पावसात पिकायला लागलं. कणीस काळं, दाण्यावर बुरशी, खालची पानं सडलेली. कडबा आखूड अन् कमी.

मग सोयाबीन आलं अन् बहुतेक वावरांतून ज्वारीच गेली. आता ढोरापुढं असते सोयाबीनचं कुटार, थोडं तुरीचं अन् हरभऱ्याचं. सोयाबीन काढायची वेळ तीच, परतीच्या पावसाची. सुडी भिजते, तिसऱ्या दिवशी मळणी होते, कुटार ताडपत्रीखाली दाबून ठेवतो. वरून कोरडं, आत गरम.

म्हणजे जुनी पारख कोरड्या चाऱ्याची, अन् आज आपल्या हातात चारा आहे ओल्या हंगामाचा. मला सांगायची मुख्य गोष्ट हीच. नियम खोटे पडले नाहीत, त्यांच्याखालचं पीक बदललं.

डोळ्याला न दिसणारं

बुरशीच्या विषाचा धडा जगाला १९६० साली मिळाला. इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या. कारण निघालं भुईमुगाची पेंड, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन. हेच विष आपल्या सरकीच्या ढेपेत होऊ शकते अन् गाईच्या दुधातही उतरते.

दुसरं विष फ्युमोनिसिन, ते ओळखलं १९८८ साली दक्षिण आफ्रिकेत. बुरशीचा मका खाऊन घोडे आंधळ्यासारखे गोल फिरतात, डोकं भिंतीला दाबतात अन् थोड्याच दिवसांत मरतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यांच्या मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः विरघळते. त्यामागे हे विष निघालं. हे परदेशाचंच आहे असं समजू नका. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी अन् मका खाऊन माणसांना पोटदुखी अन् हगवण लागली. तपासात हेच फ्युमोनिसिन सापडलं.

यातून ध्यानात ठेवायचं एवढंच : भिजलेला चारा किंवा दाणा नंतर उन्हात खडखडीत वाळवला तर बुरशी मरते, वासही जाते, पण तयार झालेलं विष तिथेच राहते. "दोन ऊन दाखवलं, आता काही होत नाही" हे चुकीचं आहे.

मग पारखायचं कसं?

जुनं अन् नवं एकत्र करून सांगतो.

१) पहिला प्रश्न दराचा नाही, तारखेचा विचारा. कधी कापलं, कधी मळलं, त्या आठवड्यात पाऊस होता का? गाव ओळखीचं असेल तर पावसाची तारीख तुम्हाला माहीतच असते.

२) वरची पेंढी पाहू नका. गंजीच्या मधली अन् जमिनीलगतची ओढा. कुटारात कोपरापर्यंत हात घाला. गरम लागलं तर सौदा तिथेच थांबवा.

३) पेंढी उन्हात धरून झटका. पांढरी-करडी धूळ उडाली की ती माती नसते, बुरशी असते. नाक लावून जोरात हुंगू नका, तुमचं फुफ्फुसही फुफ्फुसच आहे.

४) पान कोरडं वाटलं तरी कांड्याची गाठ दाबून पाहा. ओल शेवटी गाठीत राहते.

५) ओल मोजायला मीठ वापरा. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बारीक चारा अन् चमचाभर सुकं मीठ टाकून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या आत, साठवायला ठीक. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर आणखी वाळवा.

६) नवी गंजी लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लोखंडी सळई आत खुपसून पाव तास ठेवा. बाहेर काढून हातात धरवली नाही तर गंजी मोकळी करायची वेळ आली. पण आधी पाणी अन् माणसं जवळ ठेवा, कारण हवा लागली की पेट घेऊ शकते. महाराजांच्या पत्रातल्या आगीला चिलीम लागायची, या आगीला ओल पुरते.

७) चाऱ्यातलं तण निवडा. गाजरगवत, धोतऱ्याची बोंडं, घाणेरी, अन् एरंडीच्या बिया. गाजरगवताची आपल्या देशात नोंद १९५० च्या दशकात पुण्याची, म्हणजे जुन्या पारखीत ते नव्हतंच. एरंडीच्या बिया घोड्याला फार वाईट, थोड्याशाही जीव घेतात.

८) घोड्याला सोयाबीनचं कुटार मुख्य चारा म्हणून देऊ नका. धूळ फार, काड्या टणक, पोटात गठ्ठा बसायची भीती. वाळलं हरळी-मारवेल किंवा स्वच्छ कडब्याची कुट्टी द्या, अन् चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

९) काळा पडलेला भाग काढून उरलेला बैलाला टाकतो, असं बरेच जण करतात. गाभण, दुभत्या जनावराला, वासराला अन् घोड्याला तसं करू नका. ज्या गठ्ठ्यात बुरशी दिसते तो पूर्ण बाजूला, त्याचं खत करा.

१०) शंका असेल तर नमुना तपासा. गंजीच्या दहा-बारा ठिकाणचा थोडा थोडा चारा एकत्र करून कागदी पिशवीत घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे. जनावर आजारी पडलं तर डॉक्टरला चाऱ्याचा नमुना आधी दाखवा. किराळ लागलेल्या जनावराला शिरेतून देतात ती औषधं डॉक्टरकडे असतात, वेळेत पोचलं तर जीव वाचते. घरी काढा पाजत बसू नका.

शेवटी विकणाऱ्यांसाठी. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात वऱ्हाडात चाऱ्याविना ढोरं मेली. टंचाईत काहीही विकलं जाते अन् काहीही खपते, तेव्हाही तसंच होतं, आताही तसंच आहे. घेणारा हतबल असते. तुमचं कुटार भिजलेलं असेल तर तसं सांगून खताच्या भावात द्या. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची नोकरी जायची, आज लाखाची बैलजोडी गेली तर एका घराचा हंगाम जाते. भिजल्याची तारीख सांगायला काही खर्च येत नाही.